आडवी बाटली आणि आपल्या सह्या

मध्य न्यू जर्सीतल्या आपल्या टाऊनशिपमधल्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

कौन्सिलची मीटिंग संपली त्या रात्री आपण पार्किंगमध्ये बराच वेळ रेंगाळलो. कुणीतरी डिकीतून चहाचा थर्मास काढला, कुणीतरी चकल्यांचा डबा. आत नुकतंच ऑर्डिनन्सचं, म्हणजे गावापुरत्या कायद्याचं, पहिलं वाचन झालं होतं: गावात गांजाच्या किरकोळ विक्रीचं एक दुकान, एकच, तेही हायवेलगतच्या दुकानांच्या पट्ट्यात, होऊ द्यावं. दुसऱ्या वाचनाला जाहीर सुनावणी आहे, तोवर जमतील तेवढ्या सह्या गोळा करायच्या, असं ठरत होतं. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे बायांनी बाटली आडवी केली, तशी आपण इथे चिलीम आडवी करू." टाळ्या पडल्या. मीही वाजवली.

घरी येताना ती टाळी मला खुपायला लागली. बाटली आडवी होताना मी पाहिलेली आहे. आणि इथल्या सह्यांचे कागदही मी फिरवले आहेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, मंडळाच्या पिकनिकला, भेळेच्या टेबलाशेजारी उभी राहून. या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. शेजारच्या गावात एसटी स्टँडच्या मागे देशी दारूचं दुकान होतं, रीतसर परवान्याचं. महाराष्ट्रात नियम असा की गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सही करून मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क खातं त्या सह्या पडताळतं आणि गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद पडायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पण निम्मी कशाच्या? पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी बसली ती आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली गेली. यादीत लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली होत्या, नवऱ्याबरोबर मुंबईला राहणाऱ्या होत्या, एक-दोन तर वारलेल्याही होत्या. माझ्या आत्याने आणि तिच्याबरोबरच्या दहा-बारा जणींनी वर्गणी काढून टेम्पो केला आणि जमतील तेवढ्या आणल्या. दुकानदाराची माणसं पारावर बसून शाळेत कोण कोण शिरतंय ते वहीत लिहीत होती. पहिल्या खेपेला बाटली उभीच राहिली. नंतरच्या खेपेला आडवी झाली.

त्या बायांना दारूचे तोटे कुणी समजावून सांगितले नव्हते. ऊसबिलाचे पैसे कुठे जातात हे त्यांना ठाऊक होतं, वळ त्यांच्याच पाठीवर होते. आत्याने ज्या ग्राहकाविरुद्ध शिक्का मारला, तो रोज तिच्याच चुलीपाशी जेवायला बसत होता. निकालानंतर त्याच्या रागाला तोंडही तिलाच द्यायचं होतं.

आपण ज्याच्याविरुद्ध सह्या करतोय तो ग्राहक कोण आहे, हे आपल्यापैकी कुणी सांगू शकेल का? मी २०२१ मध्ये सांगू शकले नसते. मी फक्त 'मुलांचं काय' एवढं म्हणत होते आणि लोक सही करत होते. भेळ हातात असली की माणूस फारसा वाचत नाही.

तेव्हा नेमकं काय झालं, ते आठवून पाहू. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यभर मतदान झालं आणि सुमारे ६७ टक्के लोकांनी गांजा कायदेशीर करायला हो म्हटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी कायद्यावर सही केली. वय २१ पूर्ण, एका वेळी खरेदी जास्तीत जास्त एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास. घरी कुंडीत रोप लावणं मात्र गुन्हाच राहिला. (तुळस चालते. विचारून झालंय.) कायद्याने गावांना १८० दिवस दिले: तुमच्या हद्दीत शेती, कारखाना, दुकान यांतलं काय नको ते २१ ऑगस्ट २०२१ च्या आत ठराव करून कळवा. जे गाव गप्प बसेल त्याने पाच वर्षं होकार दिला असं धरलं जाईल. त्या वेळी राज्यात ५६५ नगरपालिका होत्या आणि त्यांतल्या सुमारे ४०० जणींनी नको म्हटलं. राज्यासाठी हो, माझ्या गल्लीसाठी नको. आपलं गाव त्या ४०० मधलं. नको म्हटलेल्या गावाला कधीही मन बदलून हो म्हणता येतं, म्हणूनच आज हा ठराव आलाय.

गप्प बसलेल्या गावांची पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात आणि त्यांना नव्याने १८० दिवस मिळतात, हेही लक्षात ठेवा. मात्र अशी उशिरा केलेली बंदी आधीपासून चालू असलेल्या दुकानाला लागत नाही. "एकदा शिरलं की निघत नाही" हे आपल्या एका भाऊंचं म्हणणं त्या अर्थाने खरं आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच अटी आत्ता घालायच्या असतात, दुकान उघडल्यावर नाही. अटींकडे मी येतेच.

पण त्याआधी, आपण नको म्हटल्याने गेल्या काही वर्षांत गावात काय आलं नाही?

कायद्यातलं एक कलम २०२१ मध्ये मी वाचलं नव्हतं. दुकानाला गाव मनाई करू शकतं, घरपोच डिलिव्हरीला करू शकत नाही. दुसऱ्या गावातल्या परवानाधारक दुकानातून माल आपल्या कल-डी-सॅकमध्ये, आपल्या दारात येऊ शकतो, दारात ओळखपत्र बघून दिला जातो, आणि गावाला मिळणारा दोन टक्के कर त्या दुसऱ्या गावाला जातो. शिवाय दुकानं काही परदेशात नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा राज्यात बारा-तेरा दुकानं होती. आज गाडीने वीस मिनिटांत कुठलं तरी लागतंच.

आता नाव न घेता सांगते. आपल्याच मंडळात एक आजी आहेत, गुडघ्यांनी बेजार. त्यांना रात्री झोप लागावी म्हणून सून गमी, म्हणजे गांजाच्या अर्काच्या चघळायच्या गोळ्या, मागवते. डबा देवघराच्या खालच्या कपाटात असतो. त्याच सुनेने पिकनिकला माझ्या कागदावर सही केली होती. तिला मी दोष देत नाही. लोकांनी आपल्याला काय समजावं आणि घरात काय लागतं, या दोन वेगळ्या वह्या आपण सगळेच ठेवतो. मुद्दा इतकाच की ग्राहक आपल्याही चुलीपाशी जेवतो. फक्त आत्याला तो दिसत होता आणि आपण तो बघत नाही.

आणि एक विक्री तर आपल्या गावात उघडउघड होत होती. गॅस स्टेशनच्या काउंटरवर, लायटर आणि चिप्सच्या मध्ये, रंगीत पाकिटं. हेम्पपासून, म्हणजे गांजाच्याच जातीच्या पण कमी नशेच्या झाडापासून, काढलेल्या नशेच्या गमी, 'डेल्टा एट' वगैरे नावांच्या. २०१८ च्या केंद्रीय शेती कायद्यात हेम्प मोकळं झालं आणि त्या फटीतून हा माल सगळीकडे पसरला. ना नीट तपासणी, ना वयाचा धाक. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ज्या गावाने परवान्याचं दुकान नको म्हटलं त्याच गावात आठवीतला मुलगा विनापरवाना पाकीट घेऊ शकत होता. आपण त्याबद्दल एकदाही कौन्सिलमध्ये गेलो नाही. माझ्या मुलीनेच मला ते पाकीट दाखवलं, तेही कौतुकाने: "आई, यावर हापूससारखा आंबा आहे बघ."

परवान्याच्या दुकानात मी मुद्दाम जाऊन आले. शेजारच्या काउंटीत, एका शनिवारी. दारातच ओळखपत्र तपासलं, केस पांढरे दिसत असूनही. आत सोन्याच्या पेढीसारखी शांतता. माल बंद डब्यांत, मुलांना उघडता येणार नाहीत अशा झाकणांच्या. डब्यावर टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलेलं. तिथे बसून काही घेता येत नाही. त्यांना हे दुकान 'डिस्पेन्सरी' म्हणायचं असतं, आणि तो शब्द ऐकला की मला अजून आमच्या गावच्या डॉक्टरांच्या लाल औषधाची बाटली आठवते, कागदाच्या पट्टीने डोसाच्या खुणा केलेली. काही विकत घेतलं नाही. का, तेही सांगते, कारण या सगळ्या वादात आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तीच कुणी बोलत नाही.

राज्याने हो म्हटलं तरी केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बेकायदा आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राच्या हातात. १९ एप्रिल २०१९ ला यूएससीआयएसने, म्हणजे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या केंद्राच्या खात्याने, स्पष्ट लिहून काढलं की राज्यात कायदेशीर असली तरी गांजाशी संबंधित कृती नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकते. त्यात अशा दुकानातली नोकरीही येते. आपल्यातली निम्मी घरं अजून एच-वन या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. विशीतला, आईवडिलांच्या जोरावरच्या एच-फोर व्हिसावरून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा कॉलेजातल्या गोऱ्या मित्राबरोबर कायदेशीर दुकानातून पाकीट घेतो, पावती ईमेलवर येते, फोटो फोनमध्ये राहतो. पुढे विमानतळावर किंवा वकिलातीत अधिकारी सहज विचारतो, कधी घेतलंय का? तो प्रामाणिकपणे हो म्हणतो. त्या मित्राच्या 'हो'ला काही किंमत पडत नाही, आपल्या मुलाच्या 'हो'ला पडू शकते. उन्हाळ्याची नोकरी म्हणून काउंटरवर उभी राहणारी ग्रीन कार्डवाली मुलगीही त्याच बोटीत. यावर कौन्सिलचा ठराव काहीही करू शकत नाही, आडवा नाही आणि उभाही नाही. हे शनिवारच्या मराठी शाळेत, पालकांना बसवून, इमिग्रेशनचा एखादा वकील बोलावून सांगायचं काम आहे. मी मंडळाला दोनदा सुचवलं. उत्तर आलं की विषय 'नाजूक' आहे. सह्या गोळा करायला मात्र तो नाजूक नव्हता.

'मुलांचं काय' हा प्रश्न मी सोडत नाही, उलट नीट विचारू म्हणते. आजचा गांजा आपल्या कॉलेजच्या काळातल्या गांजासारखा राहिलेला नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात इथे जप्त झालेल्या मालात टीएचसी सुमारे ४ टक्के असायचं. आता ते १५ टक्क्यांच्या आसपास गेलंय आणि व्हेपच्या अर्कात त्याच्या कितीतरी पट असतं. वाढत्या मेंदूला रोजची ही सवय वाईट, आणि ज्यांच्या घरात मानसिक आजाराचा इतिहास आहे त्या मुलांना तर जास्तच धोका. लहानग्यांचं आणखी वेगळं: सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. जवळपास सगळ्या घरात घडलेल्या. दुकानात नाही, घरात, कपाटातून, पर्समधून, देवघराच्या खालून. गमी लहान मुलाला गोळीच वाटते. दुकान आपल्या गावात असो की पलीकडच्या, डबा कुलपात ठेवणं हा आपला भाग आहे. विषबाधा मदत केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२. फ्रिजवर लावा.

पैशाची भूल मला घालू नका, हे मी ठरावाच्या बाजूच्या लोकांनाही सांगते. गाव दुकानावर जास्तीत जास्त दोन टक्के कर लावू शकतं. दुकानाने वर्षाला ५० लाख डॉलरची विक्री केली तरी गावाच्या हाती १ लाख येतात. न्यू जर्सीत घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स १० हजार डॉलरच्या पुढे गेलाय. दहा घरांच्या कराएवढ्या रकमेसाठी मीटिंगमध्ये कुणी "कर कमी होईल" म्हणालं की हसू येतं. उलट बाजूला, घरांच्या किमती पडतील म्हणून घाबरणाऱ्यांनो, जर्सी सिटीत अशी दुकानं कितीतरी आहेत. तिथलं भाडं उतरलं की मला कळवा.

आता जे पार्किंगमध्ये हळू आवाजात बोललं गेलं त्याबद्दल. "तसली माणसं येतील आपल्या गावात." तसली म्हणजे कसली, हे सगळ्यांना कळलं. कुणी विचारलं नाही, मीही नाही. कायदा बदलायच्या आधी या राज्यात गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या माणसापेक्षा तिपटीहून जास्त होती, आणि वापर दोघांचा जवळपास सारखा. कायदा झाल्यावर २०२१ मध्ये न्यायालयांनी ३ लाख ६० हजारांहून जास्त जुनी प्रकरणं रद्द करून पुसून टाकली. त्यातल्या एकेका प्रकरणामागे कुणाची तरी हुकलेली नोकरी आहे, नाकारलेलं भाड्याचं घर आहे. म्हणूनच या राज्याच्या कायद्यात करातला मोठा वाटा नेवार्क, कॅम्डेन, ट्रेंटनसारख्या जास्त भोगलेल्या वस्त्यांकडे वळवला आहे आणि परवान्यांत पूर्वी शिक्षा झालेल्यांनाही प्राधान्य आहे. आपण अटक न होता या देशात आलो, पदव्या घेऊन आलो, चांगल्या शाळांच्या गावात घरं घेतली. आपल्या नकारामुळे गांजा न्यू जर्सीतून जात नाही. तो ट्रेंटनच्या रस्त्यावरच्या दुकानात जातो, आणि आपल्या गावातली गाडी तिथे जाऊन, माल घेऊन, परत आपल्या गॅरेजमध्ये येते.

सासरे इथे तीन महिने राहायला आले होते. ते मूळचे नगरचे. हा सगळा गोंधळ त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे सरकारमान्य भांगेचं दुकान, असंच ना? काशीला आहेत की." त्यांचं बरोबर आहे. भारतातल्या १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली आणि उत्तर प्रदेशात, राजस्थानात परवान्याची दुकानं आजही आहेत. त्याआधी तर गांजाच परवान्यावर विकला जायचा, आणि मुंबई इलाख्यात त्याची लागवड व्हायची ती मुख्यतः सासऱ्यांच्याच नगर जिल्ह्यात. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने या सगळ्याची चौकशी करायला आयोग नेमला. त्यांनी हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. निष्कर्ष असा निघाला की बेताच्या वापराने फारसं नुकसान होत नाही, अतिरेकाने होतं, आणि सरसकट बंदी घालू नये. मग काय करावं? पुरेसा कर लावा, परवान्याशिवाय लागवड नको, दुकानांची संख्या मोजकी ठेवा, जवळ बाळगायची मर्यादा घाला. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या चार गोष्टी आणि आपल्या कौन्सिलपुढचा ठराव शेजारी शेजारी ठेवून पाहा. इंग्रजांना महसूल हवा होता, हे मला माहीत आहे. तरीही.

आपल्या पिढीची अडचण वेगळी आहे. आपल्यातले बरेच जण ऐंशीच्या दशकातल्या मुंबईत वाढले, रेल्वे पुलावर पन्नी घेऊन बसलेले गर्दुल्ले बघत शाळेत गेले. गर्द म्हणजे हेरॉइनची भावंडं, गांजा नव्हे. पण तेव्हा घरी आईने दोन्हींना एकच शब्द वापरला आणि तो अजून आपल्या तोंडात आहे.

बंदीबद्दल माझं सरसकट वाईट मत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती टिकावी म्हणून तिथली माणसं आजही झटतात. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये सरकारने उठवली, आणि कारण दिलं ते अवैध दारूचं आणि वाढलेल्या गुन्ह्यांचं. दोन्ही जिल्हे एकमेकांना लागून. फरक कशाने पडला यावर वाद घालणारे घालतात. मला दिसतं ते इतकंच, की बंदी म्हणजे ठरावाचा दिवस नसतो, ती रोज सांभाळावी लागते. दुकान बंद पडल्यावर आत्या आणि तिच्या बाया दोन वर्षं संध्याकाळी ओढ्याकडे फेरी मारायच्या, हातभट्टी लागू नये म्हणून. आपण २०२१ मध्ये ठराव झाल्यावर काय केलं? फोटो काढला. गॅस स्टेशनच्या काउंटरकडे एक फेरी कुणी मारली नाही.

म्हणून या वेळी मी सही करणार नाही. सुनावणीला मात्र येणार आहे. तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात आणि माझी तीन मिनिटं मी अशी वापरणार आहे. दुकान होऊ द्या, पण एकच, आणि ती संख्या ऑर्डिनन्समध्येच लिहा. शाळा, डे-केअर आणि मैदान यांपासूनचं अंतर फुटांत लिहा, "पुरेसं अंतर" असं नको. रात्री नऊला बंद. बसून ओढायची सोय या गावात नको. राज्य कुठल्याही अर्जदाराला परवाना देण्याआधी गावाचा पाठिंबा मागतं. तो ठराव कुणाला द्यायचा हे बंद खोलीत ठरवू नका, अर्जदार जाहीर बोलवा आणि गुण कसे दिले ते छापा, कारण जिथे परवाना एक आणि मागणारे वीस, तिथे कुणाचा तरी मेहुणा निघतोच. करातून येणारा पैसा सामान्य खात्यात विरघळवू नका, मिडल स्कूलमध्ये पूर्ण वेळ समुपदेशक ठेवा. आणि ज्या दिवशी हे दुकान उघडेल त्या दिवसापासून विनापरवाना पाकिटं विकणाऱ्या काउंटरांची तपासणी दर महिन्याला करून त्याचा अहवाल मीटिंगमध्ये वाचा. हे शेवटचं मान्य नसेल तर माझा पाठिंबा काढून घ्यायला मी मोकळी आहे.

तुमच्यापैकी बरेच जण विरोधातच बोलतील. जरूर बोला. मात्र 'आडवी बाटली'चा दाखला देऊ नका, निदान माझ्यासमोर नको. आणि बोलताना विरोध कशाला आहे ते नेमकं सांगा. दुकानाला असेल तर जागा, वेळ, संख्या यावर बोला. गांजालाच असेल तर ते मत २०२० मध्ये द्यायचं होतं. माणसांना असेल तर तसं माइकवर, आपलं नाव आणि पत्ता सांगून म्हणा, कारण इथे बोलण्याआधी दोन्ही सांगावंच लागतं.

त्या आजींनी मला विचारलंय, मला नेशील का गं सुनावणीला. सुनेला सांगितलेलं नाही. त्यांना इंग्रजी समजतं पण बोलायचा धीर होत नाही, तेव्हा त्या मराठीत बोलतील आणि मी शेजारी उभी राहून सांगेन. तीन मिनिटांत दोन भाषा बसवायच्या आहेत, म्हणून आम्ही मंगळवारी दुपारी घड्याळ लावून सराव करतोय. गुडघ्यांमुळे त्यांना पुढच्या रांगेत, कडेची खुर्ची लागेल. लवकर पोचलात तर तेवढी धरून ठेवा.

बोलायचं असेल तर दाराशी ठेवलेल्या कागदावर आधी नाव लिहायचं. सातनंतर तो कागद उचलतात.

आपली,
पिकनिकला सह्या गोळा करणारी